प्रकाश जागच्या जागी राहावा म्हणून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातील प्रकाशीय मापनावरच्या लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक प्रश्न सिद्धान्ताविषयी नाहीत. अशा प्रयोगशाळेत माणसे दिवसभर नेमके काय करतात, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. मला हे प्रश्न फार मोलाचे वाटतात. शोधाची बातमी छापून येते तेव्हा तीत अखेरचा आकडा असतो, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवता यावा म्हणून महिनोन्महिने जे काम चालते, त्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, जागा पुरेल तेवढ्या प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

माझी नात पुण्यात लेझरच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. काय काम केलेस असे फोनवर विचारले, की "आजोबा, आज दिवसभर आरसे लावत होते" एवढेच ती सांगते. आरसे लावायला दिवसच्या दिवस कसे लागतात? (एक आजोबा, सातारा)

आपली नात सांगते ते अक्षरशः खरे आहे, आणि तिच्या दिवसाचे याहून नेमके वर्णन मलाही करता येणार नाही.

तिच्यासमोर एक जड टेबल असते. त्याचा वरचा पृष्ठभाग पोलादी असून त्यावर दर २५ मिलिमीटरवर आटे पाडलेली भोके असतात. आत मधमाश्यांच्या पोळ्याच्या घडणीची पोकळ जाळी असते, त्यामुळे टेबल ताठ राहते, आणि पायांत दाबाखालची हवा भरलेली असल्यामुळे जमिनीचे हादरे वरपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. या टेबलावर लहान लहान खांबांवर बसवलेले वीस-तीस आरसे, भिंगे आणि ध्रुवक (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने पुढे जाऊ देणारे गाळक) असतात. लेझरची शलाका या सगळ्यांतून क्रमाने जाऊन शेवटी जिथे पोहोचायला हवी तिथेच पोहोचली पाहिजे.

सकाळी आल्यावर पहिले काम खोलीचे तापमान आणि आर्द्रता वाचून वहीत लिहिण्याचे. मग लेझर सुरू करायचा आणि तो स्थिर होईपर्यंत थांबायचे. लेझरच्या आतील आरशांमधले अंतर यंत्र तापत असताना बदलत राहते आणि त्याबरोबर प्रकाशाची वारंवारताही सरकते, म्हणून अर्धा-पाऊण तास घाई करून उपयोग नसतो. तेवढ्या वेळात काल संध्याकाळच्या नोंदींशी आजची स्थिती ताडून पाहतात. बहुतेक वेळा शलाका कालच्या जागेवरून थोडी हललेली असते.

ती पुन्हा जागेवर आणण्यासाठी दोन आरसे वापरतात. कोणतीही सरळ रेषा दोन बिंदूंनी ठरते, म्हणून शलाकेच्या मार्गात एक झडप जवळ आणि एक दूर ठेवतात. दोन्ही झडपांच्या मध्यभागी असलेल्या बारीक छिद्रांतून शलाका गेली, की तिची जागा आणि दिशा दोन्ही बरोबर आल्या. पहिल्या आरशाने जवळच्या छिद्रात आणायचे आणि दुसऱ्याने दूरच्या छिद्रात. पण दुसरा आरसा फिरवला की जवळची जागा किंचित बिघडते, आणि ती सुधारली की दूरची. तंबोऱ्याची एक तार जुळवताना आधी जुळवलेली तार उतरावी आणि पुन्हा मागे यावे लागावे, तसेच हे आहे. प्रत्येक फेरीत चूक कमी होत जाते, आणि कधी थांबायचे हे हाताला हळूहळू कळू लागते.

आता यातली खरी अडचण पाहा. आरसा धरून ठेवणाऱ्या साधारण माउंटवरील स्क्रू एक पूर्ण फेरा फिरवला, तर आरसा सुमारे अर्ध्या अंशाने वळतो. परावर्तित शलाका त्याच्या दुप्पट, म्हणजे एक अंश वळते, आणि एका मीटरवर तिचा ठिपका सुमारे १७ मिलिमीटर सरकतो. हीच शलाका पुढे प्रकाशतंतूत, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक काचेच्या तंतूत शिरवायची असते. दृश्य प्रकाशासाठी वापरल्या जाणाऱ्या एकल-रूप (प्रकाश एकाच आकृतिबंधात वाहून नेणाऱ्या) तंतूचा गाभा अवघा ४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. भिंगाने शलाका त्या गाभ्याच्या तोंडावर केंद्रित करायची, तंतूच्या दुसऱ्या टोकाला शक्तिमापक लावायचा आणि आकड्याकडे पाहत स्क्रू हलवायचा. सुरुवातीला आकडा शून्यच असतो, कारण गाभ्यात काहीच शिरलेले नसते. कुठेतरी एक-दोन मायक्रोवॉट दिसले, की शोध संपला आणि जुळणी सुरू झाली. ६० ते ८० टक्के प्रकाश पलीकडे पोहोचला, तर काम चांगले झाले असे मानतात.

या टप्प्यावर बोटांचा भारही मोजला जातो. स्क्रूवर बोट असताना आकडा उत्तम दिसतो आणि बोट काढले की उतरतो, कारण बोटाच्या दाबाने माउंटच वाकलेले असते. म्हणून प्रत्येक वेळी हात पूर्णपणे काढून घ्यायचा, क्षणभर थांबायचे आणि मगच वाचायचे. शेवटी सगळे घट्ट करण्यासाठी अ‍ॅलन कीने स्क्रू आवळला, की पुन्हा थोडा फरक पडतो आणि तो धरून आधीच थोडे पलीकडे जुळवून ठेवावे लागते. हे पुस्तकात वाचून येत नाही. जी व्यक्ती हे शिकते, तिला आपल्या मापनातला कोणता बदल निसर्गाचा आणि कोणता माउंटचा हे ओळखता येते, आणि या क्षेत्रात या ओळखीपेक्षा मोठे भांडवल नाही. आपल्या नातीला पुढच्या वेळी विचारा, की तंतूतून किती टक्के प्रकाश आला. तिला आनंद होईल.

चाकणला माझा लहान मशीन शॉप आहे. आम्ही ग्राइंडिंगमध्ये पाच मायक्रॉनची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सांभाळतो आणि तपासणीची खोली २० अंशांवर ठेवतो. तुमचे काम आमच्यापेक्षा वेगळे कसे? (एक उद्योजक, चाकण)

शिस्त एकच आहे, पट्टी बदलते. लांबीच्या मापनासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरले जाते, आणि ते आपण पाळता याचा अर्थ आमच्या कामाचा पाया आपल्याला ठाऊक आहे. आपल्या स्लिप गेजची, म्हणजे अचूक लांबीच्या प्रमाणित ठोकळ्यांची अखेरची तपासणीसुद्धा प्रकाशाच्या व्यतिकरणानेच, म्हणजे दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या काळ्या-उजळ पट्ट्यांनीच होते.

आमची पट्टी म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या हीलियम-निऑन लेझरच्या तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, म्हणजे एका मायक्रॉनच्या दोन-तृतीयांशाहून किंचित कमी असते. व्यतिकरणमापकातला आरसा तिच्या निम्म्याने, म्हणजे ३१६.४ नॅनोमीटरने सरकला, की पडद्यावरची एक काळी-उजळ पट्टी पुढे जाते, आणि पट्टीचाही शंभरावा भाग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सहज वाचता येतो. एक मीटर लांबीच्या पोलादी पट्टीचे तापमान १ अंशाने वाढले, तर ती ११ ते १२ मायक्रॉन वाढते. आपल्या पाच मायक्रॉनच्या टॉलरन्सला हे दुपटीहून अधिक झाले. आमच्याकडे मात्र यात तांबड्या प्रकाशाच्या सुमारे १८ तरंगलांबी बसतात. म्हणून अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत तापमान सांभाळण्याची वेळ येते, आणि तिथे माणूसच अडचण ठरतो. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते. टेबलाशेजारी दोघे जण बोलत उभे राहिले, की त्या बाजूचे माप सरकायला लागते.

केवळ धातूच नव्हे, हवाही बदलते. हवेचा अपवर्तनांक (निर्वाताच्या तुलनेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) १.०००२७ च्या आसपास असतो, आणि तापमानाच्या एका अंशाला तो साधारण दशलक्षांश भागाने कमी होतो. एक मीटर मार्गावर हा फरक दीड तरंगलांबीइतका भरतो. म्हणून टेबलावर सर्व बाजूंनी बंद पेटी ठेवतात, वातानुकूलन यंत्राचा झोत टेबलावर येऊ देत नाहीत, आणि फारच नाजूक प्रयोग निर्वातात करतात.

पदार्थांची निवडही यावरूनच ठरते. इन्व्हार हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू पोलादाच्या सुमारे दहाव्या हिश्शाने प्रसरण पावतो, आणि वितळवून घडवलेली शुद्ध सिलिका काच तर एका मीटरला प्रति अंश अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच. अतिस्थिर लेझरसाठी जे संदर्भ-पोकळीचे (दोन आरशांमधले अंतर कायम राखून लेझरची वारंवारता पक्की करणाऱ्या पोकळीचे) काचेचे ठोकळे वापरतात, त्यांचे प्रसरण एका ठरावीक तापमानाला जवळजवळ शून्य होते. ते तापमान शोधून काढणे आणि ठोकळा त्याच तापमानावर ठेवणे, हे स्वतंत्र काम असते.

आपल्याला रस वाटेल अशी गोष्ट म्हणजे काचेचे पॉलिशिंग. ग्राइंडिंग सिलिकॉन कार्बाइड आणि अ‍ॅल्युमिनाच्या क्रमाने बारीक होत जाणाऱ्या भुकटीने होते. इथवर आपल्याला काही नवे नाही. शेवटचे पॉलिशिंग मात्र डांबरासारख्या पिचच्या थरावर, सीरियम ऑक्साइड पाण्यात कालवून करतात. पिच कडक दिसते, पण दाबाखाली सावकाश वाहते आणि काचेच्या आकाराशी जुळत जाते. उत्तम दर्जाच्या सपाट आरशात चढउतार तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे सुमारे ६३ नॅनोमीटर चालतात; कधी विसाव्या भागाची मागणी असते. पॉलिशिंगच्या घर्षणाने काच कोमट होते आणि तिचा आकार तात्पुरता बदलतो. म्हणून कारागीर काच धुऊन बाजूला ठेवतो आणि ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबतो. मग ती प्रमाणित सपाट काचेवर ठेवून पट्ट्या पाहतो, कुठे उंचवटा आहे ते ठरवतो आणि पुन्हा काही मिनिटे घासतो. घासणे मिनिटांचे आणि थांबणे तासांचे. हे हातांतले ज्ञान आहे, आणि ते जपणारे कारागीर कमी होत चालले आहेत याची मला मनापासून काळजी वाटते. आपल्यासारख्या उद्योजकांनी काचेच्या कामाकडे वळावे, असे मला वाटते.

एवढ्या कष्टाने सपाट केलेला आरसा माउंटमध्ये बसवताना स्क्रू जास्त आवळला, तर तो वाकतो आणि सगळे श्रम वाया जातात. म्हणून आरसा तीन बिंदूंवर टेकवतात आणि स्क्रू दोन बोटांनी, फक्त टेकेपर्यंत फिरवतात.

कोकणातल्या पावसाळ्यात माझ्या दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशी धरते. प्रयोगशाळेत भिंगे कशी सांभाळतात आणि कशी पुसतात? (निवृत्त विज्ञान शिक्षक, रत्नागिरी)

पुसण्याविषयीचा पहिला नियम असा, की गरज नसताना पुसू नये. भिंगावर एखाद-दुसरा धूलिकण असेल, तर त्याने प्रकाशाचा अगदी नगण्य भाग विखुरतो. तोच कण कोरड्या फडक्याखाली घासला गेला, तर वरच्या लेपावर कायमचा ओरखडा पडतो. हा लेप मायक्रॉनच्या अपूर्णांकाइतक्या जाडीच्या थरांचा असतो. ज्या लेझरची शक्ती जास्त असते, तिथे मात्र कणाची गय करता येत नाही, कारण तो जागीच जळतो आणि लेपाला डाग पाडतो.

साफ करावेच लागले, तर आधी हातमोजे घालून भिंग कडेने धरतात आणि रबरी फुग्याच्या पंपाने किंवा कोरड्या नायट्रोजनने कण उडवतात. बाजारात मिळणारे हवेचे डबे आम्ही टाळतो, कारण तिरके धरले तर त्यांतील द्रव भिंगावर उडतो. नंतर भिंगासाठीचा खास मऊ कागद घेऊन त्याची एक कड भिंगावर अलगद टेकवतात, तीवर शुद्ध मिथेनॉलचा किंवा अ‍ॅसिटोनचा एक थेंब सोडतात आणि कागद एकाच दिशेने, एकाच संथ गतीने ओढून घेतात. कागदावर वरून दाब द्यायचा नाही, त्याचे स्वतःचे ओलसर वजन पुरते. ओढण्याची गती अशी हवी, की कागदामागोमाग द्रव वाळत जाईल आणि कडेला रेघ उरणार नाही. तो कागद तिथेच टाकून द्यायचा. दुसऱ्यांदा ओढायचे तर नवा घ्यायचा. नंतर भिंग तिरपे धरून प्रखर दिव्याखाली पाहायचे. सोन्याचा उघडा लेप असलेले आरसे पुसतच नाहीत, आणि विवर्तन जालकाच्या (बारीक रेघांनी प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या पट्टीच्या) पृष्ठभागाला तर कशाचाच स्पर्श होऊ देत नाहीत.

बुरशी ही आपल्याकडच्या हवेची खरी समस्या आहे. हवेतील आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली, की भिंगावरच्या तेलाच्या बोटठशांवर ती वाढते, आणि तिच्या आम्लाने काचेवर उठलेले व्रण पुसून जात नाहीत. आमच्याकडे भिंगे बंद, कोरड्या कपाटांत राहतात. घरी आपण दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि रंग बदलला की जेल मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरावे. निळ्या जेलपेक्षा नारिंगी घेतलेले बरे, कारण निळ्यात कोबाल्टचे विषारी संयुग असते. दुर्बीण चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. चामडे ओल धरते. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणताना ती डब्यातच राहू द्यावी आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावर डबा उघडावा, म्हणजे भिंगांवर दव धरणार नाही.

स्वच्छतेची परिसीमा अतिनील किरणांच्या उपकरणांत दिसते. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झाले. त्यावरील 'सूट' ही सौर दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने घडली असून ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सूर्याचे निरीक्षण करते. या पट्ट्यात धुळीइतकाच धोका बाष्परूपाने येऊन चिकटणाऱ्या तेलकट रेणूंचा असतो, कारण अतिनील प्रकाशाखाली ते आरशावर घट्ट बसतात आणि तोच प्रकाश गिळू लागतात. अशा उपकरणांच्या जुळणीच्या खोलीत टोपी, मुखपट्टी, अंगभर झगा आणि बुटांवर आवरण घालूनच प्रवेश मिळतो, आणि अत्तर, क्रीम, पावडर लावून कोणी आत येत नाही. साध्या प्रयोगशाळेतही दसऱ्याची यंत्रपूजा दाराबाहेरच करावी, असा माझा आग्रह असतो. हळदकुंकवाची भुकटी आणि उदबत्तीचा धूर यांचे कण इतके बारीक असतात, की ते कित्येक तास हवेत तरंगत राहतात. झेंडूचे तोरण मात्र दाराच्या चौकटीवर बाहेरून दिमाखात लावतात.

माझ्या मुलीची लेझरच्या प्रकल्पासाठी निवड झाली आहे. डोळ्यांना धोका आहे असे ऐकते. तिला पाठवावे का? (एक आई, नागपूर)

जरूर पाठवावे, आणि नियम समजावून घेऊन पाठवावे. आपली काळजी अनाठायी नाही.

डोळ्याचे भिंग समांतर प्रकाश पडद्यावरच्या अगदी लहान ठिपक्यात गोळा करते, त्यामुळे तिथली तीव्रता बाहेरच्या तुलनेत सुमारे एक लाख पट होते. एक मिलिवॉटपर्यंतच्या दृश्य लेझरसमोर पापणी पाव सेकंदात मिटते आणि ती बहुधा पुरते. पाच मिलिवॉटच्या पुढे पापणीवर विसंबता येत नाही. पाचशे मिलिवॉटच्या पुढच्या लेझरचा भिंतीवरून विखुरलेला प्रकाशही घातक ठरू शकतो, आणि त्याने त्वचा भाजते, कागद पेटतो. सर्वांत फसवा प्रकाश १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त. तो दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. पण डोळ्याच्या आत तो थेट पडद्यावर केंद्रित होतो.

चांगल्या प्रयोगशाळेत लेझर चालू असताना दारावर लाल दिवा लागतो, आत जाण्यापूर्वी त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा घालावा लागतो, आणि शलाका एका ठरावीक उंचीवर, टेबलाला समांतर ठेवलेली असते. त्या उंचीवर कोणीही डोळे आणत नाही. स्क्रू खाली पडला, तर आधी शलाका अडवतात आणि मगच वाकतात. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवतात, कारण चकाकणारी कोणतीही वस्तू म्हणजे एक अनियंत्रित आरसा असतो. जुळणी करताना शक्ती किमान ठेवतात आणि अदृश्य शलाका डोळ्यांनी न शोधता चमकणाऱ्या कार्डावर पाहतात. आपल्या मुलीने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात: या खोलीत कोणत्या तरंगलांबीचे, किती शक्तीचे लेझर आहेत, आणि माझा चष्मा त्यांच्यासाठीच आहे का? याचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर मिळेपर्यंत तिने काम सुरू करू नये. असा आग्रह धरणाऱ्या विद्यार्थ्याला कोणताही जबाबदार मार्गदर्शक उद्धट म्हणणार नाही.

गेल्या काही वर्षांत गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतील लेझर झोतांनी तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आल्या आणि पोलिसांना बंदीचे आदेश काढावे लागले, हे आपण वाचले असेल. नियमांनी चालणाऱ्या प्रयोगशाळेपेक्षा अशी मिरवणूक आपल्या मुलीच्या डोळ्यांना कितीतरी अधिक घातक आहे.

प्रयोगशाळेतले लोक रात्रीच काम का करतात? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

जुळणी दिवसा होते, पण खरे वाचन रात्री घेणे सोयीचे पडते. रस्त्यावरची वाहने, लिफ्ट, पंप, वरच्या मजल्यावरची चालती पावले हे सर्व रात्री थांबते आणि आलेखावरची रेघ बारीक होते. दोन त्रास मात्र रात्रीही जात नाहीत: वीजपुरवठ्याची ५० हर्ट्‌झची गुणगुण, आणि समुद्राच्या लाटांनी जमिनीत निर्माण होणारी अगदी मंद थरथर. ही थरथर किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवरच्या संवेदनशील उपकरणांतही दिसते आणि समुद्र खवळला की वाढते.

मी वसमतला डिप्लोमा करतो आहे. आमच्या जिल्ह्यात लायगो येणार आहे, त्यात आमच्यासारख्यांना काम मिळेल का? काय शिकावे? (एक विद्यार्थी, हिंगोली जिल्हा)

लायगो-इंडिया, म्हणजे लेझरच्या व्यतिकरणाने गुरुत्वीय तरंग (अवकाशाच्या ताणण्या-आकसण्याच्या लहरी) टिपणाऱ्या वेधशाळेचा प्रकल्प, आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय या संस्था त्यात आहेत. मूळ अमेरिकेतील दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय तरंगांची पहिली नोंद केली. त्या वेळी शलाका ज्यांतून धावते त्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता.

वर आरसे, तापमान, धूळ आणि हादरे यांविषयी जे लिहिले, ते सर्व इथे टोकाला जाते. आरसे ३४ सेंटिमीटर व्यासाचे, ४० किलोग्रॅम वजनाचे, शुद्ध सिलिकेचे. आणि ते सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या चार तंतूंवर टांगलेले. शलाका सुमारे १.२ मीटर व्यासाच्या पोलादी नळ्यांतून, अतिउच्च निर्वातातून जाते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. अशी वेधशाळा केवळ भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.धारकांवर चालत नाही. नळीच्या जोडातील सूक्ष्म गळती शोधायची, तर आत निर्वात करून बाहेरून जोडावर हीलियम वायू सोडतात आणि तो आत पोहोचतो का हे संवेदकावर पाहतात. हे काम धीराने, सेंटिमीटर-सेंटिमीटर पुढे सरकत करणारा तंत्रज्ञ लागतो. पातळ स्टेनलेस स्टीलवर निर्दोष वेल्डिंग करणारा, कमी गोंगाटाचे परिपथ जोडणारा, पंप आणि वातानुकूलन चोख ठेवणारा, संगणक प्रणाली सांभाळणारा, अशा सर्वांची तिथे गरज असते. आपली शाखा कोणतीही असो, मापन आणि नियंत्रण प्रणालींचे विषय मन लावून शिकावेत, पायथॉनसारखी एक संगणकीय भाषा हाताखाली घालावी, सोल्डरिंग स्वतः करावे आणि वर्कशॉपच्या तासाला कधीही दांडी मारू नये. नोंदवही लिहिण्याची सवय आतापासून लावावी: तारीख, वेळ, तापमान, काय बदलले, काय दिसले. भरतीच्या जाहिराती या संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळांवरच पाहाव्यात; नोकरी मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कोणाच्याही मागे लागू नये.

आमच्या शाळेत महागडी उपकरणे नाहीत. मुलांना प्रकाशाने मोजमाप कसे होते ते दाखवता येईल का? (विज्ञान शिक्षिका, फोंडा, गोवा)

नक्की येईल, आणि मुलांना ते स्वतःच्या हातांनी करता येईल. सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून घ्याव्यात. एकीवर दुसरी ठेवावी. एका टोकाला दोन्ही टेकलेल्या राहतील आणि दुसऱ्या टोकाला मध्ये एक केस आडवा ठेवलेला असेल, अशी रचना करावी. जवळच्या महाविद्यालयातून सोडियमचा दिवा काही तासांसाठी मागून आणावा. तो पूर्ण पिवळा होण्यास दहाएक मिनिटे लागतात. रस्त्यावरचा जुना पिवळा दिवा चालणार नाही, कारण त्यातील उच्च दाबामुळे त्याच्या वर्णरेषा रुंद होतात. दिव्याचा प्रकाश वरून काचपट्ट्यांवर पाडून भिंगातून त्याचे परावर्तन पाहिले, की काळ्या-पिवळ्या समांतर पट्ट्या दिसतात.

टेकलेल्या टोकापासून केसापर्यंतचे अंतर मोजावे. मग मोजपट्टी शेजारी ठेवून दहा-वीस पट्ट्यांना मिळून किती अंतर लागते ते मोजावे आणि त्यावरून एका पट्टीची रुंदी काढावी. दर पट्टीमागे दोन काचांमधली फट अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी सुमारे २९५ नॅनोमीटरने वाढते. समजा अंतर ६० मिलिमीटर आले आणि पट्टीची रुंदी ०.३ मिलिमीटर, तर टेकलेल्या टोकापासून केसापर्यंत २०० पट्ट्या झाल्या आणि केसाची जाडी सुमारे ५९ मायक्रॉन ठरली. वेगवेगळ्या मुलांच्या केसांनी हे पुन्हा करावे, आणि जमल्यास मायक्रोमीटरने पडताळावे.

बहुधा पट्ट्या सरळ न दिसता वाकड्या दिसतील. त्या पुसून टाकण्याची घाई करू नका. साधी काचपट्टी पूर्ण सपाट नसते, आणि पट्टी जिथे वळते तिथे काचेचा पृष्ठभाग मायक्रॉनच्या अपूर्णांकाने उंच किंवा खोल असतो. मुलांना वहीत त्या वाकड्या पट्ट्यांचे चित्र काढायला सांगा, मग वरच्या काचेवर बोट क्षणभर टेकवून काढून घ्यायला सांगा. बोटाच्या उबेने पट्ट्या सरकतील आणि काही मिनिटांत परत येतील. किती वेळात परत आल्या, तेही लिहून ठेवायला सांगा.